थोथपासून किमयेपर्यंत



प्राचीन इजिप्तच्या देवता आणि किमयेच्या आख्यायिका या विषयावरील परिषदेत स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करीत आहे. मराठीत रोज वापरला जाणारा 'किमया' हा शब्द अरबी 'किमिया'पासून फारसीच्या वाटेने आला असून, त्याचे मूळ काही अभ्यासक इजिप्तच्या 'केमेत', म्हणजे काळी भूमी, या प्राचीन नावात, तर काही धातू ओतण्याशी संबंधित ग्रीक शब्दात शोधतात.

या आख्यायिकांच्या केंद्रस्थानी थोथ हा देव आहे. आयबिस या बाकदार चोचीच्या पक्ष्याचे मस्तक असलेला थोथ हा लेखनाचा आणि कालगणनेचा स्वामी. मृताचे हृदय सत्यदेवता मात हिच्या पिसाशी तोलले जात असता तो हाती लेखणी घेऊन निकाल नोंदवतो, असे चित्र मृतांसोबत ठेवलेल्या पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदांवर, आढळते. ग्रीकांनी त्याला आपल्या हर्मिसशी एकरूप मानले आणि पुढे रोमन अमलात 'हर्मिस ट्रिस्मेजिस्टस', म्हणजे त्रिवार थोर हर्मिस, या नावावर गूढविद्येचे ग्रंथ रचले गेले.

किमयेची दुसरी वाट मात्र कारागिरांच्या भट्टीतून निघते. थीब्ज येथील म्हणून ओळखला जाणारा आणि आज लायडन येथे जतन केलेला ग्रीक पपायरस पाहिला, तर त्यात कथील शुद्ध कसे करावे, सोन्यात इतर धातू मिसळून त्याचे वजन कसे वाढवावे, सोनेरी अक्षरे कशी लिहावीत, अशा रोखठोक कृती सापडतात. इ. स. 300च्या सुमारास पॅनोपोलिसच्या झोसिमसने याच धातुकामाला आत्मशुद्धीचा अर्थ दिला, आणि भट्टी व देवालय यांची सांगड पडली.

फ्लॉरेन्समध्ये मार्सिलिओ फिचिनो याने 1463मध्ये हर्मिसच्या नावावरील ग्रंथांचे लॅटिन भाषांतर केले, तेव्हा युरोपने ते मोझेसच्या काळाइतके जुने मानले. 1614मध्ये आयझॅक कॅसोबाँ याने त्यांच्या ग्रीक भाषेच्या परीक्षणातून ते ख्रिस्तोत्तर काळातील असल्याचे दाखवले. तरीही या ग्रंथांचे मोल घटत नाही, कारण इजिप्शियन श्रद्धा आणि ग्रीक तत्त्वज्ञान यांचा संगम त्यांत टिकून आहे.

म्हणून प्रत्येक आख्यायिकेचा काळ आधी तपासावा, देवाइतकेच भट्टीपुढे बसलेल्या अनाम कारागिराचेही स्मरण ठेवावे आणि या भूमिकेतून येथील चर्चा व्हावी, अशी स्वागत समितीची सर्व अभ्यासकांना नम्र विनंती आहे.