सही करण्याआधी वाचायची पुस्तके

(मंडळाच्या वार्षिक सभेत महिला विभागातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘स्त्रीजीवन आणि सामाजिक न्याय यांवर काय वाचावे’ या विषयावर महिला विभागाने बोलावे, अशी कार्यकारिणीची सूचना आली. दहा पुस्तकांची नावे वाचून दाखवून आम्हाला खाली बसता आले असते. परंतु आमच्या वाचनाच्या बैठकांत असे होते की, पुस्तक कोणतेही असो, चर्चा अखेर घरातल्या कागदांवर येऊन ठेपते. तेव्हा पुस्तकांविषयी बोलताना त्या कागदांविषयीही बोलणार आहोत.

कागद कोणते, हे सांगायला नको. दांडिया बाजार, रावपुरा भागातले आपले जुने वाडे एकेक करून विकले जात आहेत. विकायचे म्हटले की सगळ्या वारसांच्या सह्या लागतात आणि वीस वर्षांत न आठवलेली आत्या एकदम आठवते. हक्कसोडपत्र तयार असते. इकडच्या कचेरीच्या भाषेत ‘हक कमी’. आमच्यातल्या एकीपुढे ते वडिलांच्या तेराव्याला, साडीच्या ताटाबरोबरच आले. तिने वाचले नाही, सही केली. का केलीस, असे विचारले तेव्हा म्हणाली, “भाऊबीज बंद झाली असती.”

हे मनात ठेवून पहिले पुस्तक घ्या, ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’. बुलढाण्याच्या या बाईंनी ते १८८२ साली प्रसिद्ध केले. निमित्त घडले आपल्या शेजारच्या सुरतेत. विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली, पण वर्तमानपत्रांनी समस्त विधवांच्या नीतीची चर्चा मांडली. ताराबाईंनी उलट विचारले की, स्त्रियांच्या माथी मारता ते दोष पुरुषांत नाहीत काय? महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापून आणले. आकाराने लहान आहे, दोन दुपारींत वाचून होते. भाषा तिखट आहे. सासूबाईंसमोर मोठ्याने वाचा, त्यांनाही आवडेल.

दुसरे चरित्र डॉ. रखमाबाईंचे. मोहिनी वर्दे यांनी ते मराठीत लिहिले आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. १८८४ मध्ये नवरा कोर्टात गेला. १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. तुरुंगात जाईन, असे त्यांनी कळवले. १८८८ मध्ये तडजोड झाली. आता यातला कागद पाहा. रखमाबाईंच्या आईने पुनर्विवाह करण्याआधी पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नावावर केली होती. दादाजींचा डोळा त्या मिळकतीवर आहे, असे रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे होते. पुढे विलायतेत डॉक्टर होऊन त्यांनी अनेक वर्षे सुरतेत आणि नंतर राजकोटला स्त्रियांची सेवा केली. म्हणजे त्या आपल्या गुजरातच्याही आहेत. आपल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे?

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ बहुतेकांच्या कपाटात असतील. ती पुन्हा काढा. रमाबाईंच्या शिकण्याला सर्वांत कडवा विरोध घरातल्या बायकांनीच केला, हे पुन्हा वाचा. आजही हक्कसोडपत्र पुढे करताना “ताई, तुम्हाला काय कमी आहे?” हे वाक्य पुष्कळदा वहिनीच म्हणते. त्या वहिनीनेही आपल्या माहेरी तशीच सही केलेली असते.

इथपर्यंतची पुस्तके आपल्याला जवळची वाटतात. पुढची दोन वाचताना खुर्चीत जरा सावरून बसावे लागेल. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. फलटणच्या या बाईंनी ते वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. महारवाड्यातले दारिद्र्य आणि सवर्णांची वागणूक त्या सांगतातच, आपल्याच घरांत सुनांवर झालेला जुलूमही सांगतात. दुसरे, उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३). कोकणात बांबूच्या टोपल्या विणून मुले वाढवणारी आई आणि शिकून नोकरी करतानाही घरात लिहिण्यासाठी झगडणारी मुलगी, या दोघींची ही गोष्ट आहे. ‘स्त्रीजीवन’ म्हणताना आपण कोणत्या स्त्रिया मोजतो, हा प्रश्न या दोन पुस्तकांनी आम्हाला घातला.

तो प्रश्न आपल्या गावाचाही आहे. आपण सयाजीराव महाराजांचा अभिमान बाळगतो, आणि तो रास्त आहे. १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी, १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण, १९३१ मध्ये घटस्फोटाचा कायदा, गावोगाव पेट्यांतून जाणारी पुस्तके. परंतु महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये याच शहरात राहायला जागा मिळाली नाही. त्याच आंबेडकरांनी कायदेमंत्री या नात्याने हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका वाटा मांडला, आणि बिल रखडले म्हणून १९५१ मध्ये राजीनामा दिला. ज्यांना आपल्या पूर्वजांनी खोली दिली नाही, ते आपल्या मुलींच्या घरासाठी खुर्ची सोडून गेले. ही गोष्ट दरवर्षी आपल्या सभेत सांगितली गेली पाहिजे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९५६ च्या कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केले नसेल तर, मुलीला वारसा मिळाला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र मुलासारखा जन्मसिद्ध हक्क नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, आपल्याला ९ सप्टेंबर २००५ पर्यंत थांबावे लागले. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. जुन्या वाटण्यांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा प्रत्येकीने आपला कागद वकिलाला दाखवावा.

भावांची बाजूही आम्ही ऐकली आहे. आईचे दुखणे काढले, वाड्याचा कर भरला, छप्पर बदलले, हे खरे असते. त्याचा हिशेब जरूर मांडावा, आणि तो बहिणीसमोर बसून मांडावा. हिशेब पाहून एखादी आपणहून हक्क सोडत असेल तर तो तिचा निर्णय. न वाचता, रडत्या डोळ्यांनी, तेराव्याच्या पंगतीआधी घेतलेली सही हा निर्णय म्हणता येत नाही.

म्हणून मंडळापुढे आम्ही दोन गोष्टी ठेवतो. एक, ही पुस्तके ग्रंथालयात प्रत्येकी दोन प्रती घ्यावीत आणि त्यांवरील बैठकीला पुरुष सभासदांनीही यावे. दोन, दिवसकार्य संपून एक महिना होईपर्यंत कोणत्याही बहिणीपुढे कागद ठेवणार नाही, आणि ठेवू तो आधी तिच्या हातात वाचायला देऊ, असा ठराव याच सभेत करावा. ठरावाला कायद्याचे बळ नाही हे आम्ही जाणतो. पण आपल्या जुन्या घराण्यांत चारचौघांत दिलेल्या शब्दाला अजून किंमत आहे.

ठरावाचा मसुदा अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आहे. सही करण्याआधी तोही वाचावा, ही विनंती.