आईवडिलांची गाणी लिहून ठेवा



इथल्या अल्झायमर सोसायटीच्या अंदाजानुसार कॅनडात आज ७ लाखांहून अधिक माणसांना स्मृतिभ्रंश आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या देशात आलेले आपले काही आईवडील, काका-मावश्याही त्यांत आहेत. सकाळी काय जेवलो हे त्यांना आठवत नाही, नातवाचं नाव ओठांवर येत नाही. पण आरती सुरू झाली, की टाळी बरोबर समेवर पडते.

हा योगायोग नव्हे. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लोला कडी आणि जॅकलिन डफिन यांनी २००५ साली एका ८४ वर्षांच्या बाईंची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचा अल्झायमरचा आजार फार पुढे गेला होता. तरीही ओळखीची चाल वाजली की त्या सोबत गाऊ लागत, आणि चालीत मुद्दाम केलेली चूकही त्यांना कळे. नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागावर अल्झायमर आधी घाला घालतो. गाण्याची आठवण मात्र मेंदूत अनेक ठिकाणी पसरलेली असते आणि त्यांतल्या काही जागांना आजाराची झळ उशिरा लागते.

व्हिक्टोरिया शहरात २०१८ साली 'व्हॉइसेस इन मोशन' हा गायनवृंद सुरू झाला. त्यात स्मृतिभ्रंश असलेली माणसं, त्यांची काळजी घेणारे घरचे लोक आणि शाळकरी मुलं एकत्र गातात. पेशंट कोण आणि सोबतीला कोण आलंय, हा भेद तिथे उरत नाही. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी या गायकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचं नैराश्य आणि ताण कमी झाल्याचं दिसलं. गाण्याने हा आजार बरा होत नाही. पण आजाऱ्याचा आणि त्याला सांभाळणाऱ्याचा दिवस सुसह्य होतो, ही काही थोडी गोष्ट नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. या आजारात पुष्कळदा मागाहून शिकलेली इंग्रजी आधी निसटते आणि मायबोली मागे उरते, तिच्यासोबत लहानपणीची गाणीही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायण लागायचं. ते ऐकणारी दहा वर्षांची मुलं आज ऐंशीत आहेत. केअर होममध्ये त्यांना ते कोण लावून देणार? तिथल्या नर्सला त्यांची भूपाळी, त्यांचं नाट्यगीत कसं ठाऊक असणार?

म्हणून आजच बसा आणि आईवडिलांना विचारून त्यांच्या आवडीची गाणी, अभंग, आरत्या लिहून काढा. ती यादी औषधांच्या यादीशेजारी ठेवा. केअर होमलाही एक प्रत द्या. आणि नुसती गाणी लावून उठू नका, शेजारी बसून गा. पट्टी खाली ठेवा, लय संथ ठेवा. शब्द चुकले तर दुरुस्त करू नका. "हे आठवतंय का?" अशी परीक्षाही घेऊ नका. पहिली ओळ तुम्ही उचला आणि थोडं थांबा, म्हणजे पुढची ओळ त्यांना घेता येईल.