धातूची स्मृती, रबराचे आवरण आणि वसईचे कारखाने



अन्ननलिकेच्या कर्करोगात एक वेळ अशी येते की रुग्णाला पाण्याचा घोटही गिळवत नाही. तेव्हा अन्ननलिकेत जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. ही जाळी बहुधा निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते आणि पुष्कळदा तिच्यावर सिलिकॉन रबराचे पातळ आवरण असते.

निटिनॉलचे गुण १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणले. सुमारे ५०० अंश सेल्सियसला या धातूला एक आकार दिला की तो आकार धातूच्या स्मरणात राहतो. सामान्य पोलाद एक टक्काही ताणले तर पूर्ववत होत नाही. निटिनॉल मात्र आठ टक्क्यांपर्यंत ताण सोसून मूळ रूपात येते. म्हणूनच बारीक नळीत दाबून भरलेली जाळी शरीरात आपोआप उमलते.

परंतु उघड्या जाळीच्या छिद्रांतून गाठ पुन्हा आत वाढते. सिलिकॉनचे आवरण तिला अडवते. आवरण गुळगुळीत असल्याने नळी घसरण्याचा धोका असतो. त्यासाठी तिची टोके रुंद ठेवतात.

खरी कसोटी जोडाची आहे. सिलिकॉन सहसा कशाशीही अभिक्रिया करीत नाही, म्हणून ते शरीराला मानवते. त्याच कारणाने ते धातूलाही सहज धरत नाही. पृष्ठभाग अत्यंत स्वच्छ करून प्रायमरचा थर द्यावा लागतो. ५०० अंशांची उष्णता रबर सोसत नाही, म्हणून आधी धातूला आकार व नंतर आवरण, हा क्रम पाळावाच लागतो. जोड सुटला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

हे काम केवळ मोठ्या प्रयोगशाळांचे नाही. कुलपांच्या कारखान्यातील तंत्रज्ञ जॉन होल्टर यांच्या मुलाच्या मेंदूत पाणी साठत होते. १९५६ साली त्यांनी सिलिकॉनची झडप घडवली आणि पुढे असंख्य बालकांना तिचा लाभ झाला.

भारतातही हा मार्ग खुला झाला आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या सहकार्याने निटिनॉलची दोन उपकरणे विकसित केली. एक हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजवते, तर दुसरे मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुग्याकडे जाणारा प्रवाह वळवते. २०२१ मध्ये हे तंत्रज्ञान पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीकडे सोपवण्याचा करार झाला.

वालीव, सातिवली, गोखिवरे येथील लघुउद्योजकांनी यातून बोध घ्यावा. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. धूळविरहित खोली, प्रत्येक घाण्याची नोंद आणि सदोष माल निःसंकोच बाद करण्याची सवय ही पूर्वतयारी आजपासून करता येईल. स्वावलंबनाची घोषणा सोपी असते. रुग्णाच्या देहात वर्षानुवर्षे टिकणारा जोड घडवणे ही तिची परीक्षा आहे. वसईच्या कुशल हातांनी ती अवश्य द्यावी.