कार्यक्षमता आणि विणकराचे कसब
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिचा मी नम्रपणे स्वीकार करतो. आपला पिढीजात धंदा विणकामाचा. यंत्र आले आणि कसब गेले, असे आपल्या घराघरांत म्हटले जाते. ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते.

झटका धोटा हेही यंत्रच होते. दोरी ओढली की धोटा ताण्यातून पलीकडे जाई आणि रुंद कापड एकट्याला विणता येई. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या वडीलधाऱ्यांनी तो आनंदाने घरी आणला. माग केव्हा थांबवावा, कच्च्या सुताला खळ किती द्यावी, हे ठरविणे त्यांच्याच हाती राहिले. (सावकाराचे देणे होते, तो भाग निराळा!)

घाव बसला तो पुढे. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, कामगारांच्या अंगी परंपरेने मुरलेले ज्ञान व्यवस्थापकांनी गोळा करावे, त्याचे नियम बांधावेत आणि कामाचा विचार कचेरीत व्हावा. त्याच वर्षी वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातील ओतकामगारांनी घड्याळ लावून आपले काम मोजण्याविरुद्ध संप केला.

मुंबईच्या गिरण्यांत हीच वृत्ती ‘कार्यक्षमता’ या गोंडस नावाने आली. दोन साचे चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावेत! कागदावरचा हिशेब बिनचूक होता. परंतु कापूस हलका असला की तारा तुटणारच. जाणता विणकर साच्याच्या आवाजावरून बिघाड ओळखतो आणि तो वेळीच थांबवितो. तीन साच्यांमागे धावणाऱ्याला ऐकावयास उसंत कोठून? तो तुटलेले जोडीत राहतो. वर खराब निघालेले कापड त्याच्याच माथी मारून किंमत वेतनातून कापली जाई. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या, त्यामागे वेतनाच्या प्रश्नाबरोबर हे दुःखही होते. फॉसेट समितीने १९२९ साली ही पद्धत तत्त्वतः मान्य केली. सूत उत्तम असेल तर तिसरा साचा जमतोही, हे मी नाकारीत नाही. सूत उत्तम आहे की नाही, याचा निवाडा कोणी करावयाचा, हा विणकराचा प्रश्न होता.

आज आपली कित्येक मुले मालाच्या मोठ्या गोदामांत कामास आहेत. तेथे हातातील यंत्रच कोणत्या फळीकडे जावयाचे ते सांगते आणि सेकंदही मोजते. नोकरी धरताना पगाराबरोबर, काम चुकीचे चालले तर ते थांबविण्याची मुभा आहे काय, हेही विचारावे, असे मी माझ्या नातवास सांगितले. तो हसून म्हणाला, “आजोबा, असे विचारले तर नोकरीच मिळायची नाही.” त्याचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.