चित्रातले शरीर आणि आपले शरीर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझा धंदा चित्रे काढण्याचा, बोलण्याचा नव्हे. शिवाय माझी चित्रे दिवाणखान्यात लावण्याजोगी नसतात. हृदयाची झडप कशी उघडते-मिटते, झिजलेला गुडघा कसा बदलतात, अशी हलती चित्रे मी संगणकावर तयार करते आणि इस्पितळांतून ती रोग्यांना दाखवतात. हळदीकुंकवाला कोणी विचारले तर "कॉम्प्युटरचं काम" एवढे सांगून मी मोकळी होते. आज मात्र खरे सांगायचे ठरवून आले आहे.

सेकंदाला चोवीस-पंचवीस चित्रे डोळ्यांपुढून सरकली म्हणजे चित्र हलल्याचा भास होतो. म्हणजे एका मिनिटाला जवळजवळ दीड हजार चित्रे झाली. ती सारी हाताने काढावी लागत नाहीत. शरीराचा आकार संगणकात एकदा उभा केला, की पुढचे पुष्कळसे काम यंत्र करते. परंतु तो आकार आणायचा कोठून? १५४३ साली व्हेसेलियसने शरीररचनेचा आपला मोठा ग्रंथ छापला. त्याच्या अगदी पहिल्या चित्रात मेजावर ठेवलेले प्रेत आहे ते एका बाईचे, आणि पाहायला भोवती पुरुषांची ही गर्दी! आमच्या पिढीला आधार मिळाला तो अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या कामाचा. तेथे एका पुरुषाचा आणि एका स्त्रीचा मृतदेह गोठवून, त्यांचे पातळ पातळ थर काढीत प्रत्येक थराचे छायाचित्र घेतले. पुरुषाचे थर एकेक मिलिमीटरचे. ती चित्रे १९९४ साली खुली झाली. स्त्रीची १९९५ साली आली, आणि तिचे थर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याचे, पाच हजारांहून अधिक! ती बाई मेरीलँड राज्यातली, हृदयविकाराने गेलेली. नाव जाहीर झालेले नाही. तिचे वय होते ५९. तेव्हा पाळी चालू असलेल्या वयाचे गर्भाशय तिच्यावरून काढता येत नाही. ते आम्ही दुसरीकडून शोधतो.

आता रंगांचे बघा. चित्रात रोहिणी लालभडक, नीला निळ्या. प्रत्यक्षात नीलेतले रक्तही लालच असते, थोडे काळपट. आत पिवळी चरबी असते, पांढुरके पडदे असतात आणि सारे एकमेकांना चिकटलेले असते. ते तसेच दाखवले तर तुम्हांला काहीच उमजणार नाही, म्हणून आम्ही रंग देतो आणि नको ते पुसतो. या पुसण्यात सोय असते तसा कधी संकोचही असतो. १९४६ साली डिस्ने कंपनीने शाळकरी मुलींसाठी पाळीवर एक चित्रपट काढला. पैसा पॅड बनविणाऱ्या कंपनीचा. गर्भाशय, बीजकोश, सगळे नीट समजावले आहे. परंतु त्यात पाळीचे रक्त दाखवले आहे ते पांढरेशुभ्र! तो पाहून घरी गेलेल्या मुलीने पहिल्या पाळीला लाल डाग पाहिला असेल तेव्हा तिला काय वाटले असेल? मी हा चित्रपट पाहून पुष्कळ हसले होते. पुढे माझ्यावरच हसण्याची पाळी आली.

सहा वर्षांपूर्वी एका इस्पितळाने मला 'अंग बाहेर येणे' या व्याधीवर चार मिनिटांचे चित्र करावयास सांगितले. मी मेहनत घेतली. मागे फिकट निळा रंग, त्यात तरंगणारे गुलाबी गर्भाशय, ते हळूहळू खाली उतरते आहे. डॉक्टरांनी ते पसंत केले. त्याच सुमारास माझी आत्या आमच्याकडे राहायला आली होती. वय सत्तरीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत. मी काम करीत असता ती मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "अगं, हे असं अधांतरी कसं? याला धरलंय कशानं?"

मी म्हटले, "आत्या, खाली स्नायू असतात. ते दाखवले तर पिशवी दिसत नाही, म्हणून काढून टाकलेत."

"जे सुटल्यामुळं पडतं, तेच काढून टाकलंस होय?" ती म्हणाली.

मला उत्तर सुचले नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय, मूत्राशय, मलाशय यांचा भार तिच्यावर आणि वरून बांधणाऱ्या बंधांवर असतो. एकामागून एक बाळंतपणे, अवजड उचलणे, जुना खोकला, नित्याचे कुंथणे यांनी ती झोळी ताणते आणि पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. सारी व्याधी आहे ती त्या झोळीची, आणि माझ्या चित्रात झोळीच नव्हती! ते पाहणाऱ्या बाईला वाटणार, पिशवी आपली आपणच खाली आली. त्याला कोण काय करणार?

त्या रात्री आत्याने दिवा मालवल्यावर मला सांगितले. चौथ्या बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी ती विहिरीवर पाण्याला गेली होती. तेव्हापासून जडपणा असे. पुढे पाळी गेल्यावर अंग बाहेर येऊ लागले, त्याला अकरा वर्षे झाली होती. जुन्या धोतराची घडी करून ती बांधून ठेवी. पंगतीत बसणे सोडले, एस. टी.ने माहेरी जाणे सोडले. आम्ही सगळे समजत होतो की आत्याला आता माणसे नकोशी झाली आहेत. कोणाला का नाही सांगितलेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "काय म्हणून सांगू? आत काय आहे तेच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, सडून बाहेर येतंय."

दुसऱ्या आठवड्यात मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी तिच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. झोळीचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम. केगेल नावाच्या डॉक्टरने १९४८ साली त्यावर लिहिले म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. दुसरी, आतून आधार देणारे कडे बसवणे. तिसरी, शस्त्रक्रिया. व्यायामाचा गुण दुखणे थोडे असताना अधिक, तेव्हा लवकर गेलेले बरे. आत्याने कडे पत्करले. दर काही महिन्यांनी ते तपासून, धुऊन घ्यावे लागते, एस. टी.ने जाऊन ती ते करून येते.

चित्र मी मोडून पुन्हा केले. इस्पितळाने जादा पैसे दिले नाहीत, आणि मागण्याचे मला धैर्यही नव्हते. नव्या चित्रात आधी झोळी विणली जाते, मग तिच्यावर एकेक इंद्रिय येऊन बसते. निळे आकाश काढून टाकले, कारण शरीरात तशी रिकामी जागा कोठेच नाही. चित्र थोडे गचडीचे झाले आहे. पूर्वीचे दिसायला अधिक छान होते, हे मी कबूल करते.

आत्याची हकीकत तिच्या परवानगीने सांगितली. "नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग," असा तिचा निरोप आहे.

चहापानानंतर मागच्या लहान खोलीत ते चार मिनिटांचे चित्र लावणार आहे. डॉक्टरीणबाई साडेसहापर्यंत तेथे बसतील. ज्यांना चारचौघींत विचारायचे नसेल त्यांच्यासाठी चिठ्ठ्या आणि पेन्सिली दाराशी ठेवल्या आहेत. नाव लिहायचे कारण नाही. खोलीत खुर्च्या बाराच आहेत, तेव्हा पाळीपाळीने यावे. लहान मुलांना बाहेर सांभाळायचे शेजारच्या मुलींनी कबूल केले आहे.