प्रल्हादाने काय मागितले?

प्रल्हादाची गोष्ट आपण बहुधा खांब फुटून नरसिंह प्रकटतो तिथेच संपवतो. त्यामुळे निष्ठा ठेवली की देव सोडवतो, असा सरळ हिशेब मनात बसतो. भागवताच्या सातव्या स्कंधात कथा पुढे जाते, आणि माझ्या मते तिचा गाभा तिथेच आहे. नरसिंह वर माग म्हणतो, तेव्हा प्रल्हाद सांगतो की स्वामीकडून लाभाची आशा धरणारा सेवक नव्हे, तो व्यापारी. द्यायचेच तर मनात इच्छाच उगवू नये असा वर दे. नंतर तो मागतो ते आपला छळ करणाऱ्या बापाची शुद्धी! कोणी म्हणेल, जीव वाचल्यावर निःस्वार्थ होणे सोपे. पण विष, हत्ती, आग यांपुढेही त्याने सुटकेची याचना केल्याचे भागवत सांगत नाही.

नारदाने प्रल्हादाला गर्भातच उपदेश केला, मग त्याची निवड कुठली, हा आक्षेप अधिक वजनदार. तरी शंड-अमर्क या गुरूंची राजनीती तो ऐकतो, पाठही म्हणून दाखवतो, आणि मनाला पटत नाही म्हणून नाकारतो. मागण्याच्या बाबतीत चौथ्या स्कंधातला ध्रुव प्रल्हादाच्या अगदी उलट: पदासाठी तपाला बसला, पद मिळाले, आणि इतके क्षुल्लक काय मागितले म्हणून घरी परतताना खंतावला.