कॉलेजचं नाव नंतर, आधी आमचे प्रश्न



आमचा गट संगमेश्वर तालुक्यातला. मे महिन्याच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची एक मागणी आली, रक्कम 50,000 रुपये. कारण लिहिलं होतं, मुलीच्या कॉलेजची जागा धरून ठेवायला. मुलगी आमच्याच एका ताईंची, सिव्हिल इंजिनीअर झालेली. आता तिला प्रकल्प व्यवस्थापनाची पदवी घ्यायची होती. एका खाजगी संस्थेचा फोन आला होता: आठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर जागा जाईल.

आमच्यातल्या एका काकींनी विचारलं, "व्यवस्थापन शिकायला मुंबईला कशाला जायचं? घर चालवतो ते काय असतं मग?"

मुलगी हसली नाही. म्हणाली, "काकी, आपली नायगावची मामी आठवा." मामी बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत राहायच्या. नायगावच्या चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन 2017 साली झालं. 500 चौरस फुटांचं घर मिळणार, म्हणून मामी खोली सोडून परळला भाड्याने राहतायत. कोणती इमारत आधी रिकामी करायची, माणसं कुठे हलवायची, सिमेंट कधी यायला हवं, पैसा कुठल्या महिन्यात किती लागेल, आणि एक काम अडलं तर मागची किती कामं अडतील, हे सगळं आधी मांडायचं आणि रोज तपासायचं. हेच ते शिक्षण. तारीख चुकली की कागदावर एक रेघ सरकते, पण मामींच्या घरात आणखी एक भाड्याचा महिना चढतो. काकी गप्प झाल्या.

तरीही कर्ज आम्ही लगेच मंजूर केलं नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतल्या मुलीने अशाच फोनवरून 20,000 भरले होते. वर्षाच्या शेवटी हातात पदवी नाही, नुसतं प्रमाणपत्र आलं. पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून ठरवलं, आधी विचारू, मग देऊ. आम्ही दोघी, ताई आणि मुलगी, तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरलो.

लालबागला आमच्या गावकीची खोली आहे. गिरणीच्या काळापासून गावचे चाकरमानी तिथे उतरतात. पण ती पुरुषांची. मुलीला शिकायला ठेवायची म्हटल्यावर गावकीच्या मंडळींनी मान हलवली. (यावर पुढे कधीतरी वेगळं बोलायचंच आहे.) मग मामींकडेच उतरलो आणि चौकशीला लागलो.

पहिला प्रश्न आम्ही सगळीकडे हाच विचारला: शेवटी हातात काय मिळणार? एम.टेक. किंवा एम.बी.ए. ही पदवी. पीएमपी नावाची एक परीक्षा आहे, ती अमेरिकेतल्या संस्थेची. तिचा जगभर मान आहे, पण ती पदवी नाही आणि पदवीधराला तीन वर्षांच्या कामाच्या अनुभवाशिवाय ती देता येत नाही. आमच्या मुलीला आज तिचा उपयोग नाही. संस्थेला तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची मान्यता आहे का आणि पदवी कोणतं विद्यापीठ देणार, हे आम्ही लेखी मागितलं. फोन करणाऱ्या त्या संस्थेने लेखी काही दिलं नाही. तिथेच आमचं निम्मं काम झालं.

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि हा नीट ऐका. 2024-25 पासून आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. पुण्याचं निकमार बांधकाम व्यवस्थापनासाठी नावाजलेलं, पण ते आता खाजगी विद्यापीठ आहे, म्हणून आमच्या हिशोबातून बाहेर गेलं. आणि माफी झाली तरी राहणं-जेवण पदरचंच.

चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत व्यवस्थापनाची पदवी आहे, तिथला प्रवेश सीईटीने. मुलीने सीईटी दिलीच नव्हती. तिने गेट दिली होती.

मग माटुंग्याला व्हीजेटीआयला गेलो. दादरहून पूर्वेला, फाइव्ह गार्डनजवळ. 1887 साली भायखळ्याला सुरू झालेली ही संस्था गिरण्यांना तंत्रज्ञ मिळावेत म्हणून उभी राहिली आणि 1923 मध्ये माटुंग्याला आली. व्हिक्टोरिया राणीचं नाव जाऊन आता वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे. ताईंचे सासरे लालबागच्या गिरणीत होते. फाटकाशी ताई थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. इथे प्रकल्प व्यवस्थापन आणि बांधकाम व्यवस्थापन, दोन्हींत एम.टेक. आहे. गेट उत्तीर्ण मुलांना पूर्णवेळ एम.टेक.ला एआयसीटीईकडून महिन्याला 12,400 रुपये मिळू शकतात. ऑफिसमध्ये माहितीपत्रक मिळालं, पण जास्त कळलं ते बाहेर झाडाखाली बसलेल्या मुलींकडून. मागच्या वर्षीची मुलं कुठे लागली, साइटवर प्रत्यक्ष काम करायला मिळतं का, वसतिगृह नाही मिळालं तर मुली कुठे राहतात, हे आमच्या मुलीने त्यांना विचारलं. आम्ही मुद्दाम लांब बसलो. आई शेजारी असली की कोणी खरं बोलत नाही.

परत आल्यावर बैठक झाली. 50,000 नामंजूर केले. त्याऐवजी अर्जाचं शुल्क, दाखले आणि दोन वेळच्या प्रवासासाठी 8,000 मंजूर केले, दहा हप्त्यांत फेडायचे. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला तहसीलमधून काढून ठेवला. फेरी सुरू झाल्यावर धावपळ केली तर दाखला वेळेत मिळत नाही.

मुलीने पसंतीक्रमात व्हीजेटीआय पहिलं टाकलंय. गुण काठावरचे आहेत, म्हणून खाली आणखी चार सरकारी आणि अनुदानित कॉलेजं लिहिली आहेत, एक पुण्याचंही. ताईंना पुणं नको होतं, पण यादी मुलीने भरली. पहिल्या फेरीत नाव आलं नाही. दुसऱ्या फेरीची यादी लागायची आहे, आणि जागा मिळालीच तर वसतिगृहाचं नक्की होईपर्यंत मामींनी परळच्या भाड्याच्या खोलीत तिची गादी टाकायचं कबूल केलंय.